हिरवं वाटण आजचं

आत्यानं बोंबील शेपटीकडून उचलला, पोटाशी अंगठा दाबून पाहिला आणि परत पाटीत ठेवला.

"हा कालचा."

कोळीणमावशी नुकतीच पाटी उतरवून पडवीत टेकली होती. "बर्फात होता गं. वास घेऊन बघ, बिघडलेला नाही."

"बिघडलाय असं कुठे म्हटलं? कालचा म्हटलं. कालवणाला घेतला असता. आज भुजणं करायचंय."

विषय तिथंच संपला. मावशीनं चहा घेतला, मांदेली पुढे करून पाहिली, तीही परत गेली, आणि मावशी पाटी डोक्यावर घेऊन पुढच्या घरी गेली. हिरमुसले मी. ज्या बोंबलाच्या भुजण्यासाठी पहाटेची डहाणू लोकल पकडून केळवे रोडला उतरले, तिथून रिक्षात दाटीवाटीनं बसून समुद्राकाठच्या या वाडीत आले, ते आज होणार नव्हतं. ही आत्या खरं तर माझ्या मैत्रिणीची. वाडवळ घर, मागे केळी आणि पानवेल, विहिरीच्या काठानं भाजीचे वाफे. माझं तोंड उतरलेलं बघून ती म्हणाली, "अगं, बटाट्याचं करते. वाटण तेच. बटाटा काही कालचा होत नाही."

मग ती मागच्या वाफ्यात गेली आणि लसणीच्या दहाएक काड्या मुळासकट उपटून घेऊन आली. जानेवारीतली पातीची लसूण. खाली गड्डा अजून धरलेला नाही, नुसता पांढरा कोंब, त्यावर वीतभर हिरवी पात. मुळांची माती विहिरीच्या पन्हाळीखाली धुतली, मुळं कापली. कोथिंबिरीची मोठी जुडी निवडताना मी सवयीनं दांडे बाजूला काढत होते, तर तिनं ते उचलून परत परातीत टाकले. "दांड्यात वास असतो. पानं नुसती शोभेला."

पुढं जे घडलं त्याला पाककृती म्हणावं की नाही कळत नाही, इतकं ते थोडक्यात होतं. निम्मी पात, निम्मी कोथिंबीर, सहा-सात हिरव्या मिरच्या आणि खडे मीठ पाट्यावर आलं, पाणी नाही. वरवंट्याच्या पाच-सहा फेऱ्यांत ओबडधोबड गोळा झाला. उरलेली पात आणि कोथिंबीर बारीक चिरून घेतली. चार कांदे उभे चिरले, चार बटाट्यांच्या काचऱ्यांपेक्षा जाड अशा चकत्या केल्या. चिरलेल्या पातीची एक मूठ राखून बाकी सगळं पातेल्यात घालून वर हळद आणि पाव वाटी कच्चं तेल. मग आत्यानं हात घातला आणि कांदा मिठासकट असा चुरला की त्याला पाणी सुटून पातेल्याच्या तळाशी हिरवट रस जमला. पातेलं चुलीवर, त्यावर खोलगट ताट आणि ताटात तांब्याभर पाणी.

"आता डाव घालायचा नाही. वाटलं तर फडक्यानं धरून पातेलं गोल हलवायचं."

वीस मिनिटांनी ताट निघालं तेव्हा आधी लसणीचा वास आला, मग कोथिंबिरीचा, आणि मग तांदळाच्या भाकरीचा. ती बाजूच्या तव्यावर फुगत होती. आतला बटाटा अखंड होता. रस असा फारसा नव्हता. होतं ते हिरवं, तेलकट, तिखट, चकत्यांना धरून बसलेलं. दोन भाकऱ्या खाल्ल्यावर माझा रुसवा गेला. पण प्रश्न राहिला. बर्फातला, चांगला, न बिघडलेला बोंबील आत्यानं परत का पाठवला?

वर्षाचा मसाला, दिवसाचं वाटण

कोकणी स्वयंपाकघरात दोन घड्याळं चालतात. एक वर्षाचं. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर, अंगणात मिरच्या वाळत पडतात. रंगाला बेडगी किंवा काश्मिरी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. धने, खडा मसाला भाजून त्याच्याबरोबर डंखावर कुटायला जातो. आगरी-कोळ्यांचा मसाला, मालवणी मसाला, वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियनांचा 'बॉटल मसाला' ही सगळी या घड्याळाची अपत्यं. बॉटल मसाला हे नाव पडलं तेच तो गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरत म्हणून. उजेड लागला की मसाल्याचा रंग उडतो. पावसाच्या आधी ही तयारी झालीच पाहिजे, कारण पावसात समुद्र बंद. आजही आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. तेव्हा सुकट, सुके बोंबील, वाकट्या आणि लाल मसाला ही घराची शिबंदी. लाल मसाला म्हणजे बेगमी.

दुसरं घड्याळ दिवसाचं. हिरवं वाटण कुणी बरणीत भरून ठेवत नाही. सकाळी केलेलं संध्याकाळी काळवंडतं, रात्री त्याला उग्र दर्प येतो. लसूण, कोथिंबीर, मिरची, कधी ओलं खोबरं, कधी आलं. आणलं, वाटलं, संपवलं. लाल मसाला जिथं सुक्या मासळीला सांभाळून घेतो तिथं हिरवं वाटण मासळीची चुगली करतं. मासा ताजा असेल तर त्याचा गोडवा पुढं आणतं, शिळा असेल तर तेही लपवत नाही. आत्याच्या भाषेत सांगायचं तर भुजण्यात 'लपायला जागा नाही'. ना चिंचेचा आंबट पडदा, ना भाजल्या खोबऱ्याचा जाड रस्सा. म्हणून कालचा बोंबील कालवणाला चालतो आणि भुजण्याला चालत नाही.

बोंबलाच्या बाबतीत तर हे फारच खरं. या माशाच्या अंगात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. वसईपासून सातपाटीपर्यंत तो डोल जाळ्यात मिळतो. भरती-ओहोटीच्या प्रवाहात मोठ्या पिशवीसारखं रोवून ठेवलेलं हे जाळं पाण्याच्या चालीवर भरतं आणि उपसलं जातं. जाळ्यातून निघाल्यापासून बोंबील घटका मोजत असतो. ताजा असताना तो काचेसारखा चमकतो, दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होतो. भुजण्यात पाण्याचा थेंब घालत नाहीत, तो स्वतःच्या पाण्यात शिजतो. ते पाणी कालचं असेल तर सगळं पातेलं कालचं होतं.

लसूण ठेचल्याशिवाय बोलत नाही

अख्खी लसूण नाकाशी धरा, जवळपास काही वास येत नाही. बत्त्याचा एक ठोका द्या, खोली भरते. वास लसणीत तयार नसतोच; तो ठेचल्यावर तयार होतो. पाकळीच्या पेशीत एका कप्प्यात ॲलिइन नावाचं द्रव्य असतं, दुसऱ्या कप्प्यात ॲलिनेज नावाचं विकर. पेशी फुटली की दोन्ही एकमेकांना भेटतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन जन्माला येतं. तेच जिभेला झोंबतं. १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकी संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं. झाडाच्या दृष्टीनं हे हत्यार आहे, कुरतडणाऱ्या किड्यासाठी राखलेलं. आपण तेच चवीनं खातो.

यातून स्वयंपाकाचे दोन नियम निघतात. लसूण जितकी बारीक चिरडली जाईल तितकी तिखट. आणि उष्णता लागली की विकर मरतं, म्हणून अख्खी पाकळी तेलात घातली तर गोडसर, ठेचून घातली तर झणझणीत. आत्या निम्मी पात वाटते आणि निम्मी चिरते त्याचं कारण हेच असावं. एक भाग भडक, एक भाग सौम्य. तिला विचारलं तर म्हणाली, "आई तसंच करायची."

लसूण फार बारीक करण्याचा हट्ट मला एकदा नडला. पापलेट भरण्यासाठी हिरवी चटणी करायची होती. मिक्सरमध्ये लसूण आणि लिंबाचा रस आधी फिरवून ठेवला, कोथिंबीर नंतर घालू म्हटलं आणि फोनवर बोलत बसले. अर्ध्या तासानं झाकण काढलं तर आतली लसूण निळसर-हिरवी. मोरचूद घातल्यासारखी. घाबरून सगळं फेकून दिलं. पुढं कळलं की त्यात विष वगैरे काही नव्हतं. लसूण बरेच दिवस थंडीत साठवलेली असेल आणि तिला आंबट लागलं, तर तिच्यातली गंधकयुक्त द्रव्यं आणि अमिनो आम्लं मिळून निळी-हिरवी रंगद्रव्यं बनतात. उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्यात लसूण मुद्दाम व्हिनेगरमध्ये बुडवून पाचूसारखी हिरवी करतात आणि नव्या वर्षाच्या तोंडावर आवडीनं खातात. मी मात्र पापलेट नुसतं हळद-मीठ लावून तळलं.

आपल्याकडे लसणीशी माणसाचं नातं कधीच साधं नव्हतं. १८९० साली हॅमिल्टन बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याला मध्य आशियातल्या कुचा इथं भूर्जपत्रावरची एक संस्कृत पोथी मिळाली, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची. तिचा पहिलाच भाग लसणीच्या गुणगानाचा आहे. अमृत प्यायलेल्या असुराचा गळा विष्णूनं कापला, रक्ताचे थेंब भूमीवर पडले आणि त्यातून लसूण उगवली, म्हणून द्विजांनी ती खाऊ नये, अशी कथा तिथं येते. आणि लगेच ती किती रोगांवर चालते याची यादी. खाऊ नये आणि सोडवत नाही, हा घोळ आपल्या घरांत अजून आहे. चातुर्मासात ती वर्ज्य. म्हणून आषाढातल्या कांदेनवमीला कांदा-लसणीचा शेवटचा हात मारून घ्यायचा.

कोथिंबीर आणि ढेकूण

कोथिंबीर हा शब्द मात्र फार जुना. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'कुस्तुम्बुरु' येतो. तोच झिजत झिजत मराठीत कोथिंबीर झाला. कानडीत तो कोत्तंबरी, तेलुगूत कोत्तिमीर. मूळ वनस्पती पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या बाजूची. लसूण मध्य आशियातली. मिरची तर कोलंबसानंतरची, अमेरिकेहून आलेली. हिरव्या वाटणात आपल्या किनाऱ्याचा जुना रहिवासी शोधायला गेलं तर नारळच सापडतो, आणि भुजण्यात तोही नसतो.

युरोपातल्या भाषांत कोथिंबिरीचं जे नाव आहे त्याचा संबंध परंपरेनं ग्रीकमधल्या ढेकणाच्या नावाशी जोडतात. हे ऐकून मराठी माणूस दुखावेल, पण रसायनशास्त्र ग्रीकांच्या बाजूचं आहे. कोथिंबिरीच्या पानाला वास येतो तो अल्डिहाइड गटातल्या द्रव्यांमुळे, आणि काही ढेकूणवर्गीय किडे सोडतात त्या वासात हेच गट असतात. काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते. त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या जनुकांच्या एका गटाशी असल्याचं २०१२ साली हजारो लोकांच्या अभ्यासातून दिसलं. आपल्याकडे असा माणूस क्वचितच भेटतो. भेटलाच तर त्याचं लग्न जमवताना अडचण यावी.

हे वासाचे रेणू उडून जाणारे. कढईत पाच-दहा मिनिटं उकळलेल्या कोथिंबिरीत गवत उरतं. शिवाय रंग. पानाच्या हिरवेपणात, म्हणजे हरितद्रव्यात, मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. उष्णता आणि आंबट एकत्र आले की तो निसटतो आणि हिरवं खाकी होतं. म्हणून आंबट शेवटी. आत्या कैरीच्या दिवसांत पापलेटच्या भुजण्यात कैरीच्या फोडी घालते, पण त्या वरच्या थरात, आणि त्याही जाडसर, म्हणजे आंबट हळूहळू सुटतं. चिंचेचा कोळ ती हिरव्याला लावत नाही. "चिंच लालला. हिरव्याला लावलीस तर शेणासारखं दिसेल," एवढंच स्पष्टीकरण.

मासा आणि हिरवं वाटण यांचं जमतं ते याच वेगामुळे. मटणाचे स्नायू चिवट ऊतींनी बांधलेले असतात, त्यांना शिजायला तास लागतो. तेवढ्यात कोथिंबिरीचं काही उरत नाही. मासा पाण्यात तरंगतो, त्याला स्वतःचं वजन पेलायचं नसतं. त्याच्या स्नायूंमधले धागे नाजूक, ते साठ अंशांच्या आतबाहेरच मऊ पडतात. बोंबलाला सात-आठ मिनिटं, पापलेटच्या तुकड्याला दहा. तेवढ्या वेळात लसणीचा कच्चेपणा मोडतो आणि कोथिंबिरीचा वास शिल्लक असतो. ताटावरचं पाणीही याच कामाचं. वाफ वर जाऊन थंड ताटाला लागते, थेंब होऊन परत खाली पडते. वास घराबाहेर जाण्याऐवजी पातेल्यात परततो. आणि डाव घालायचा नाही, कारण बोंबलात डाव घातला की त्याची पेज होते.

दोन माहीम

भुजणं कुणाचं, असं विचारलं तर निदान तीन घरं हात वर करतील: पाठारे प्रभू, वाडवळ म्हणजे सोमवंशी क्षत्रिय, आणि सीकेपी. पाठारे प्रभू मुंबईचे जुने रहिवासी. वाडवळ वसई, केळवे, माहीम, डहाणूच्या वाड्यांतले. मुंबईत एक माहीम आहे आणि केळव्याला लागून दुसरं. 'महिकावतीची बखर' या दोन्ही माहीमांना बिंब राजाच्या कथेनं जोडते आणि त्याच्याबरोबर किनाऱ्यावर आलेल्या कुळांची हकीकत सांगते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती १९२४ साली संपादून छापली. बखरीचं लक्ष गादीवर, चुलीवर नाही. पण ज्यांची कुळं बखरीत शेजारी-शेजारी बसतात त्यांच्या पातेल्यात एकच पदार्थ एकाच नावानं शिजावा, हा मला त्या बखरीचा न लिहिलेला पुरावा वाटतो. (विरारजवळच्या आगाशीचं भुजिंग मात्र वेगळं, ते निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीचं आणि पोह्यांचं.)

या पट्ट्यात हिरव्याचं राज्य आहे. सीकेपी घरात पापलेटला पोटाशी खिसा करून त्यात ओलं खोबरं, कोथिंबीर, लसूण, मिरची, लिंबू यांची चटणी भरतात, वरून रवा किंवा तांदळाचं पीठ लावून मंद तळतात. २०२३ साली महाराष्ट्रानं रुपेरी पापलेटला राज्य मासा ठरवलं. सातपाटीच्या कोळ्यांसाठी तो आधीपासूनच होता. पारशांच्या 'पात्रा नी मच्छी'तही तेच पापलेट आणि जवळपास तीच चटणी, फक्त केळीच्या पानात बांधून वाफवलेली. केळीचं पान इथं दोन कामं करतं. चटणी माशाला सोडून जात नाही, आणि तव्याची कोरडी आच न लागल्यानं हिरवं हिरवंच राहतं.

जसजसं खाली जावं तसतसा रंग पालटतो. रत्नागिरी ओलांडून मालवणाकडे गेलं की वाटणात लाल मिरची, धने आणि ओलं खोबरं येतं. बांगड्याच्या तिखल्यात लसणीपेक्षा तिरफळाची सत्ता. कोथिंबीर उरते ती वरून भुरभुरण्यापुरती. गोव्यात ती पुन्हा जोरात भेटते, काफ्रियालमध्ये. भरपूर कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, खडा मसाला आणि व्हिनेगर किंवा लिंबू. नाव पोर्तुगिजांनी आफ्रिकी माणसांसाठी वापरलेल्या, आज अपमानास्पद मानल्या जाणाऱ्या शब्दावरून पडलेलं. नातं मोझांबिकशी सांगतात. गंमत म्हणजे मोझांबिकमधली त्या नावाची कोंबडी लाल पिरी-पिरी मिरचीची. हिरवी झाली ती गोव्यात.

आणि खुद्द पोर्तुगाल? तिथं मला सगळ्यात मोठा धक्का बसला. युरोपात कोथिंबिरीचं पान फारसं कुणी मनावर घेत नाही. पोर्तुगालचा दक्षिण भाग, आलेंतेझू, याला ठळक अपवाद. तिथला गरिबाघरचा पदार्थ म्हणजे असोर्दा. लसूण, कोथिंबीर आणि जाडं मीठ खलबत्त्यात कुटायचं, त्यावर ऑलिव्हचं तेल, मग उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे, वर पाण्यात शिजवलेलं अंडं. कधी त्याच पाण्यात शिजवलेला कॉड मासा. लिस्बनकडे तिसऱ्यांसारख्या शिंपल्या लसूण, तेल आणि कोथिंबिरीत वाफवतात आणि त्या पदार्थाला १९१२ साली वारलेल्या बुल्याँव पातु या कवीचं नाव आहे. आपल्याकडे कवीला शाल-श्रीफळ मिळतं, त्यांच्याकडे शिंपल्या. समुद्र ओलांडून मोरोक्कोत गेलं तर माशाला लावायचं शर्मूला: कोथिंबीर, लसूण, जिरं, लिंबू, तेल. कॅनरी बेटांवर कोथिंबीर-लसणीचं हिरवं मोहो, माशावर आणि सालासकट उकडलेल्या खारट बटाट्यांवर.

वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. केळव्याच्या किनाऱ्यावर त्यांच्या काळातला किल्ला अजून उभा आहे. मग भुजणं आणि असोर्दा यांची सोयरीक लावायचा मोह होतो. मी तो आवरते. कुस्तुम्बुरु पाणिनीच्याही आधी इथं होतं आणि लसूणही. समुद्रकाठी ज्याला ताजी मासळी मिळते, परसात पाला आहे आणि सरपण जपून वापरायचं आहे, तो कुठल्याही देशातला असो, पाटा किंवा खल पुढ्यात ओढणार. त्याला पाहुण्यांकडून शिकायची गरज नसते.

मासळीवाचूनचं हिरवं

हिरवं वाटण माशाचंच असं मानणारे अर्धीच गोष्ट सांगतात. घाटावर आणि मुंबई-पुण्याच्या शाकाहारी घरांत हिवाळ्यातली मटार उसळ याच वाटणावर उभी असते: ओलं खोबरं, कोथिंबीर, मिरची, आलं, लसूण. तिथंही नियम तोच. मटार आधी जवळजवळ शिजवून घ्यायचे, वाटण नंतर घालून दोन उकळ्या, लिंबू पानात. सोललेल्या वालांचं बिरडं, वांगी-बटाटा, कोवळा दुधी, सगळ्यांना हे चालतं. बटाटेवड्याच्या सारणातला लसूण-मिरचीचा ठेचा आणि कोथिंबीर हा त्याच घराण्यातला, गाडीवर आलेला.

वसई-पालघरकडे हिवाळ्यात उकडहंडी होते. कोनफळ, रताळी, वालपापडी, वांगी अशा भाज्या, भरपूर पातीची लसूण आणि कोथिंबीर. मडक्यात घालून तोंड बंद करून पाण्याशिवाय शिजवायचं. गुजरातच्या उंधियूची ही बहीणच. थोडं निरखून पाहिलं तर उकडहंडी म्हणजे भाज्यांचं मोठं भुजणं: पाणी नाही, ढवळणं नाही, हिरवं सढळ.

भाज्यांमुळे एक गोष्ट मला नीट कळली. बटाट्याला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात वाटणातला पहिला वास निघून जातो. म्हणून आत्या चिरलेल्या पातीची एक मूठ राखून ठेवते आणि ताट काढल्यावर वरून घालते. बोंबलात ती हे करत नाही. तिथं गरज पडत नाही.

पाटा, मिक्सर आणि बर्फाचे खण

आत्याचा पाटा तिच्या सासूचा. गुळगुळीत झाला की वाटण सरकतं, चिरडलं जात नाही. म्हणून पूर्वी दारावर "पाट्याला टाकीऽ" अशी हाळी देत वडार बायका येत आणि छिन्नीनं दगडाला खळगे पाडून जात. आता ती हाळी ऐकू येत नाही. आत्याचा पाटाही मधोमध बशीसारखा खोल झालाय. तिच्याकडे मिक्सर आहे, खोबऱ्यासाठी ती तोच वापरते. भुजण्याच्या वाटणाला नाही. मिक्सरचं पातं कापतं, आणि फिरवत राहिलं की गरम होतं, शिवाय पाणी घातल्याशिवाय फिरत नाही. पाट्यावर पाणी लागत नाही.

शहरात आम्ही तिसरं घड्याळ काढलंय, फ्रीजचं. आलं-लसणीची बाटलीबंद पेस्ट वर्षभर टिकते, कारण तिच्यात आम्ल घातलेलं असतं. त्या आम्लात लसणीचं विकरच मंदावतं, मग झणका कुठून यायचा? मी स्वतः हिरवं वाटण बर्फाच्या खणांत गोठवते. आठवड्याचे खण रविवारी भरायचे, रोज दोन काढायचे. नोकरीवरून साडेआठला घरी येणाऱ्या बाईला पाटा कुणी सांगू नये. मात्र त्या खणाची चव उसळीत निभावते, भुजण्यात पकडली जाते.

स्वस्ताईचं गणितही उलटसुलट झालंय. भाजी घेतल्यावर "वर थोडी कोथिंबीर टाका" म्हणायचा आपला हक्क, मिरच्या आणि कढीपत्त्यासकट. आणि एखाद्या मोसमात हीच जुडी एवढी महाग होते की भाजीवाला मान दुसरीकडे वळवतो. २०२४ च्या सुरुवातीला लसूण किलोला चारशे-पाचशे रुपयांवर गेली तेव्हा मुंबईत लोक ती पाकळ्या मोजून घालत होते. पुण्याजवळ राजगुरुनगरला कांदा-लसणीचं केंद्रीय संशोधन संचालनालय आहे, तिथून 'भीमा पर्पल', 'भीमा ओंकार' असे वाण निघाले. पण वाफ्यातली पातीची लसूण कुठल्याच वाणाच्या नावानं विकली जात नाही. ती दोन महिने येते आणि जाते.

ताजा बोंबील

फेब्रुवारीत आत्याचा फोन आला. "उद्या ये. रात्री होड्या आत गेल्यात."

या वेळी मावशी येण्याआधीच आम्ही पडवीत बसलो होतो. बोंबील पाटीत एकमेकांवर घसरत होते, अंगावर गुलाबी झाक, तोंडं उघडी. आत्यानं दाबून पाहिलं आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे पसंती. पोट साफ केलं, प्रत्येकाचे दोन-दोन तुकडे, मीठ लावून थोडा वेळ तिरक्या ताटात ठेवले म्हणजे जास्तीचं पाणी निथळेल. कांदा, पात, कोथिंबीर, मिरची, हळद, तेल, सगळं आधी हातानं चुरून मग बोंबील वरून, हलक्या हातानं. झाकण, पाणी. मी घड्याळ लावलं. सातव्या मिनिटाला ती उठली. माझ्या घड्याळाकडे तिनं पाहिलंही नव्हतं. ताटातल्या पाण्यावर बोट टेकवून पाहिलं होतं.

त्या भुजण्याचं वर्णन करायला गेले तर खोटं होईल. एवढंच सांगते की बोंबील चावावा लागला नाही, आणि हिरवं अजून हिरवं होतं.

निघताना तिनं पातीच्या लसणीची जुडी मुळासकट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. "उद्या वापर. परवा नको." दुसऱ्या दिवशी कामात अडकले, तिसऱ्या दिवशी पण. चौथ्या दिवशी जुडी उघडली तर पात पिवळी, कोंब सैल. तरी वाटलं, बाजारातून आणलेले बोंबील घातले, झाकण, पाणी, सात मिनिटं, सगळं तिच्यासारखं. जे झालं ते गुळचट आणि उग्र, दोन्ही एकदम.

मी फोन करून कबुली दिली. आत्या हसली.

"अगं, चार दिवसांची लसूण ना? मग लाल मसाला घालायचा होता."